एकोणपन्नास सामने, प्रत्येकात एक तरी ‘के’

प्रश्न आला तो असा: बेसबॉलमधला रिलीफ पिचर, म्हणजे बदली गोलंदाज, सलग सामन्यांत स्ट्राइकआउटचा विक्रम करतो म्हणजे नेमकं काय करतो? ते किती अवघड असतं? आणि तो खरंच विक्रमाच्या मागे लागून खेळतो का? विचारणाऱ्यांना क्रिकेट चांगलं कळतं, बेसबॉल मात्र तुकड्यातुकड्यांनी पाहिलाय.

मी हे कुठून बोलतोय ते आधी सांगतो. जळगावला शाळेत सॉफ्टबॉलमध्ये कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसणारा यष्टिरक्षकच. नोकरीनिमित्त ओहायोत आलो, तिथल्या शनिवार-रविवारच्या हौशी लीगमध्ये बरीच वर्षं होम प्लेटमागे उकिडवा बसलो आणि आता उन्हाळ्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पिचिंग शिकवतो. म्हणजे पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू मी आयुष्यभर समोरून पाहत आलोय. तिथून जे दिसलं त्यावरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. हा विक्रम पाठलाग करून होत नाही. पिचर आपलं काम करत राहतो आणि मालिका टिकली तर टिकते. उलट तिच्यामागे धावलं की संघाचं नुकसान होतं. हे मी स्वतः केलंय, ते पुढे येईलच.

आता खेळाकडे. स्ट्राइकआउट म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं. चेंडू प्लेटवरून, बॅटरच्या गुडघा ते छाती एवढ्या पट्ट्यातून गेला आणि त्याने सोडला तर स्ट्राइक, बॅट फिरवून हुकला तर स्ट्राइक, फाऊल म्हणजे रेषेबाहेर मारला तरी स्ट्राइक. फक्त दोन स्ट्राइक झाल्यावर साधा फाऊल मोजत नाहीत. तिथून पुढे बॅटर फाऊल मारत मारत तग धरू शकतो, म्हणून तिसरा स्ट्राइक सगळ्यात महागात पडतो. क्रिकेटची मंडळी याची तुलना त्रिफळ्याशी करतात, मला ती पटत नाही. त्रिफळा एका चेंडूत उडतो. स्ट्राइकआउटला कमीत कमी तीन चेंडू लागतात आणि त्यातला प्रत्येक चेंडू पुढच्याची तयारी असतो. फिरकी गोलंदाजाने दोन चेंडू पुढे टाकून बॅट्समनला क्रीजबाहेर ओढावं आणि तिसऱ्याला यष्टिचीत करावं, ते याच्या जास्त जवळचं आहे. स्कोअरबुकात याची खूण ‘के’ हे इंग्रजी अक्षर. हेन्री चॅडविक या जुन्या पत्रकाराने ‘स्ट्रक’ शब्दातलं शेवटचं अक्षर घेतलं आणि तेच रूढ झालं. बॅटर बॅट न हलवता तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला तर तोच ‘के’ उलटा लिहितात.

रिलीफ पिचर म्हणजे सुरुवातीचा पिचर थकला किंवा मार खायला लागला की त्याच्या जागी येणारा. त्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस आघाडी सांभाळायला शेवटच्या, नवव्या इनिंगला येतो. तो क्लोजर. त्याला बहुतेक वेळा तीनच बाद काढायचे असतात. राखून ठेवण्यासारखं काही नसतं, पहिल्या चेंडूपासून सगळा जोर लावायचा. बॅटरलाही त्याचा चेंडू त्या दिवशी एकदाच दिसतो. सुरुवातीच्या पिचरला तेच बॅटर दुसऱ्या-तिसऱ्यांदा भेटतात, तोवर त्यांच्या डोळ्यांना हाताची, वेगाची सवय झालेली असते. क्लोजरच्या बाबतीत ती सवय लागायच्या आत सामना संपतो.

मालिकेची अट ऐकायला अगदी साधी आहे. मैदानात उतरलात त्या प्रत्येक सामन्यात किमान एक स्ट्राइकआउट हवा. दोन दिवसांनी उतरा नाहीतर आठ दिवसांनी, मध्ये ज्या सामन्यांत खेळला नाहीत ते मोजत नाहीत. पण उतरलात की एक ‘के’ लागलाच पाहिजे, नाहीतर मोजणी शून्यावर.

आधुनिक बेसबॉलमधला याचा सगळ्यात ठळक विक्रम अरोल्डिस चॅपमनचा. क्यूबातल्या ओल्गीनचा डावखुरा पिचर. २००९ मध्ये हॉलंडमधल्या रॉटरडॅमला स्पर्धेसाठी आलेला असताना तो राष्ट्रीय संघ सोडून निघाला आणि २०१० च्या सुरुवातीला सिनसिनाटी रेड्सने त्याच्याशी करार केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला त्याने ताशी १०५.१ मैल वेगाचा चेंडू टाकला, म्हणजे १६९ किलोमीटर. पिचरच्या पाटीपासून प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, साधारण साडेअठरा मीटर. त्यात तो पाऊल लांब टाकून चेंडू बराच पुढे येऊन सोडतो. बॅटरच्या वाट्याला चार दशांश सेकंदसुद्धा येत नाही, आणि एवढ्यात बघायचं, ठरवायचं, बॅट फिरवायची.

त्याची मालिका २१ ऑगस्ट २०१३ ला सुरू झाली. त्या हंगामात पुढे तो जेव्हा जेव्हा उतरला तेव्हा प्रत्येक वेळी किमान एक स्ट्राइकआउट. मग हिवाळा गेला. मार्च २०१४ मध्ये अ‍ॅरिझोनात सराव सामने चालू असताना कॅन्सस सिटीच्या साल्व्हादोर पेरेझने मारलेला चेंडू सरळ त्याच्या चेहऱ्यावर आला. डाव्या डोळ्याच्या वरचं हाड आणि नाक मोडलं, धातूची पट्टी बसवावी लागली. तो सामना तिथेच थांबवला.

प्लेटमागे बसलेल्या माणसाला असा फटका कसा दिसतो ते सांगतो. चेंडू टाकून झाल्यावर पिचर शेवटच्या पावलावर पुढे झुकलेला असतो, ग्लोव्हचा हात कमरेजवळ, तोंड समोर. त्या क्षणी तो निम्मं अंतर तुमच्याकडे आलेला असतो आणि स्वतःला वाचवायच्या स्थितीत अजिबात नसतो. बॅटचा आवाज आणि चेंडू लागल्याचा आवाज यांत फट राहत नाही. आमच्या हौशी लीगमध्ये असा एक चेंडू पिचरच्या खांद्याला लागलेला मी पाहिलाय. तो माणूस पुढे दोन महिने चेंडू टाकता टाकताच बाजूला सरकायचा. चॅपमनला तर चेहऱ्यावर लागला होता. ११ मे ला कोलोरॅडोविरुद्ध तो परत उतरला आणि वेग तोच होता. मला विचाराल तर त्या वर्षीची सगळ्यात मोठी गोष्ट ही. विक्रम त्यानंतर.

११ जुलै २०१४ ला सिनसिनाटीत पिट्सबर्गविरुद्ध सलग ४० वा सामना झाला आणि ब्रूस सूटरचा १९७७ पासूनचा ३९ चा विक्रम मागे पडला. मालिका ४९ वर गेली. शेवटचा सामना १३ ऑगस्टचा, बॉस्टनविरुद्ध. १५ ऑगस्टला पुन्हा कोलोरॅडोशी गाठ पडली, यावेळी त्यांच्या गावी, डेन्व्हरला. तिथे एकही ‘के’ पडला नाही आणि मोजणी थांबली. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू कमी वळतो. पण एका सामन्याचं खापर मी हवेवर फोडणार नाही. कधीतरी हे व्हायचंच होतं, आणि का ते आकड्यांतून नीट दिसतं.

२०१४ मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, दर शंभर बॅटरपैकी साधारण वीस स्ट्राइकआउट होत होते. असा सरासरी पिचर घ्या आणि त्याच्यापुढे चार बॅटर उभे करा. चौघांपैकी एकही स्ट्राइकआउट न होण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे ४१ टक्के. मग किमान एक ‘के’ मिळण्याची शक्यता ५९ टक्के. असे ४९ सामने ओळीने जमणं म्हणजे शून्यच धरा.

चॅपमनने त्या वर्षी ५४ सामन्यांत ५४ इनिंग टाकल्या, २०२ बॅटरना सामोरा गेला आणि १०६ जणांना स्ट्राइकआउट केलं. निम्म्याहून जास्त! त्याच्यापुढे चार बॅटर आले तर किमान एक ‘के’ मिळण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. तरीसुद्धा ४९ वेळा ओळीने जमण्याची शक्यता तेरात एक. आणि चारऐवजी तीनच बॅटर आले तर? मग एका सामन्याची शक्यता ८९ टक्क्यांवर येते आणि ४९ ची ओळ अडीचशेत एक. सगळे बॅटर सारखेच धरून केलेलं हे ढोबळ गणित आहे, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. एका बॅटरचा फरक पडला की तेरात एकचं अडीचशेत एक होतं. म्हणजे मालिकेचा खरा शत्रू समोरचा बॅटर नाहीच. कमी बॅटर येणं, हाच शत्रू.

आणि बॅटर कमी कधी येतात? पिचर सगळ्यात चांगला खेळतो तेव्हा. कुणाला वॉक दिला नाही (चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, तो वॉक), कुणाला हिट दिली नाही, म्हणजे फटका मारून बेसवर पोहोचू दिलं नाही, तर तीन बॅटरमध्ये इनिंग संपते. वॉक दिला की चौथा बॅटर येतो आणि मालिकेला आणखी एक संधी मिळते. चॅपमनने त्या वर्षी २४ वॉक दिले. संघाच्या दृष्टीने ते ओझंच, पण मालिकेला त्यातल्या काहींनी हात दिला असणार. म्हणून मी मुलांना सांगतो की हा विक्रम नियंत्रणाचं माप नाही. बॅटरला हुकवण्याची ताकद किती, एवढंच तो मोजतो.

आता सूटरकडे वळतो, कारण माझ्या मनात त्याचं स्थान फार वरचं आहे आणि नव्या पिढीला तो माहीत नाही. त्याच्याकडे चॅपमनचा वेग नव्हता. उमेदवारीच्या काळात कोपर दुखावलं, आपल्या खर्चाने शस्त्रक्रिया करून घेतली आणि परत आला तेव्हा जुने चेंडू चालेनात. शिकागो कब्ज संघाच्या खालच्या स्तरावर फ्रेड मार्टिन नावाचे पिचिंग शिकवणारे होते. त्यांनी त्याला चेंडू दोन बोटांच्या बेचक्यात धरायला शिकवलं. स्प्लिट-फिंगर फास्टबॉल. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, पण बोटं फाकलेली असल्याने चेंडूला उलटी गिरकी कमी मिळते. साध्या फास्टबॉलला ही गिरकी काही प्रमाणात उचलून धरते, तो डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा कमी खाली येतो. स्प्लिटरला तो आधार मिळत नाही. बॅटर फास्टबॉलच्या उंचीवर बॅट फिरवतो आणि चेंडू प्लेटपाशी येता येता खाली बसतो.

हा चेंडू मी पकडलाय, अर्थात फार खालच्या दर्जाचा. पहिल्यांदा पकडला तेव्हा मिट, म्हणजे कॅचरचा जाड ग्लोव्ह, मी कमरेच्या उंचीवर धरला होता आणि चेंडू मनगटाखालून जाऊन छातीच्या पॅडच्या खालच्या कडेवर आपटला. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताला लागलेलं यांत वीतभर अंतर होतं. बॅटरचंही तेच होतं.

सूटरने १९७७ मध्ये ६२ सामन्यांत १०७ इनिंगहून थोड्या जास्त टाकल्या आणि १२९ स्ट्राइकआउट घेतले. म्हणजे दर सामन्याला पावणेदोन इनिंग, सहा-सात बॅटर. त्या काळी क्लोजर सातव्या-आठव्या इनिंगलाच येऊन शेवटपर्यंत टाकायचा. सूटर साधारण ३१ टक्के बॅटर स्ट्राइकआउट करायचा, चॅपमनच्या मानाने बराच कमी. पण बॅटर जवळपास दुप्पट येत असल्याने दर सामन्याला एक तरी ‘के’ मिळण्याची त्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या घरात जाते. दुसऱ्या बाजूने बघा, त्या काळातले बॅटर स्ट्राइकआउट व्हायला लाजायचे. दोन स्ट्राइक झाले की बॅट आखूड धरून कसाबसा चेंडू खेळात ठेवायचे. लीगमधलं प्रमाण तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. अशा लोकांना दहात तीनदा हुकवणं मला आजच्या दहात पाचइतकंच मोठं वाटतं. सूटर २०२२ मध्ये गेला. एकाही सामन्याची सुरुवात न करता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, निवडून गेलेला तो पहिला पिचर. ३९ आणि ४९ यांत मोठा आकडा कोणता ते उघड आहे. मोठा पिचर कोण, यावर मी वाद घालणार नाही. दोघांनी वेगवेगळ्या खेळात आपलं आपलं टोक गाठलं.

पुढे २०१७ मध्ये मिलवॉकीच्या कोरी कनेबलने हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून प्रत्येक वेळी ‘के’ घेत जून गाठला आणि चॅपमनने हंगामाच्या सुरुवातीपासून लावलेली ओळ मागे टाकली. त्या वर्षी त्याचे ७६ इनिंगमध्ये १२६ स्ट्राइकआउट होते. वेग होताच, पण तिसऱ्या स्ट्राइकसाठी त्याच्याकडे वरून खाली कोसळणारा कर्व्ह होता. त्याच हंगामात डॉजर्सच्या केन्ली जॅन्सनने एकही वॉक देण्याआधी ५१ स्ट्राइकआउट घेतले. खरं सांगायचं तर हा आकडा मला सलग सामन्यांच्या कुठल्याही मालिकेपेक्षा अवघड वाटतो, कारण त्यात चुकीला जागाच नाही. मालिकेत दोन हिट, एक वॉक देऊनही एका ‘के’वर तुमचं भागतं.

एक नियम लक्षात ठेवायला हवा. २०२० पासून रिलीफ पिचरला किमान तीन बॅटरना टाकावं लागतं किंवा चालू इनिंग संपवावी लागते. त्याआधी एका डावखुऱ्या बॅटरपुरता पिचर आणायचा आणि लगेच काढायचा, ही सर्रास पद्धत होती. अशा पिचरला मालिका लावणं जवळपास अशक्य, एकच बॅटर आणि त्याने पहिलाच चेंडू जमिनीवर मारला की संपलं. म्हणजे मालिका बरीचशी मॅनेजरच्या हातात असते. तुम्हाला पूर्ण इनिंग देतो की नाही, हे तो ठरवतो.

आता पाठलागाचा प्रश्न. सिनसिनाटीच्या मैदानात उजव्या बाजूला जुन्या आगबोटींसारखी दोन धुरांडी उभी केली आहेत. रेड्सच्या पिचरने स्ट्राइकआउट घेतला की त्यांतून ज्वाळा निघतात. चॅपमन नवव्या इनिंगला आला आणि दोन स्ट्राइक झाले की अख्खं मैदान उभं राहायचं. वरच्या रांगेत बसून मी हे पाहिलंय. त्या ज्वाळेची धग खालच्या रांगांपर्यंत जाणवते म्हणतात. मला वर फक्त उजेड दिसला आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हातातल्या वहीत ‘के’ लिहिलेला दिसला. एवढ्या लोकांना एकच गोष्ट हवी असताना पिचरच्या मनात ती येणारच नाही, असं मी म्हणत नाही. मनात येणं वेगळं आणि त्यासाठी चेंडू बदलणं वेगळं.

हा फरक मला स्वतःच्या चुकीतून कळला. माझ्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा होता, शेवटच्या इनिंगला यायचा, स्लायडर (बाजूला आणि खाली वळणारा चेंडू) उत्तम. सलग आठ सामन्यांत त्याने ‘के’ घेतला होता. मुलांच्या सामन्यांत कोणता चेंडू टाकायचा त्याची खूण बऱ्याचदा बाकावरून कोच देतो. आमच्याकडे ती मी द्यायचो. नववा सामना, आम्ही एका धावेने पुढे, एक बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा धावपटू, पहिला बेस मोकळा. त्या इनिंगला अजून ‘के’ आलेला नव्हता. बॅटरवर दोन स्ट्राइक झाले. तो उंच फास्टबॉलवर दोनदा मागे पडला होता, तिसराही तोच द्यायला हवा होता. मी स्लायडरची खूण दिली, मातीत पडेल असा, कारण मला बॅट हुकलेली हवी होती. बॅट हुकलीही. चेंडू प्लेटच्या अलीकडे टप्पा खाऊन कॅचरच्या पॅडवरून उडाला आणि मागच्या जाळीपर्यंत गेला. पहिला बेस मोकळा असताना कॅचरला तिसरा स्ट्राइक पकडता आला नाही तर बॅटर धावू शकतो. तो धावला, सुखरूप पोहोचला. तिसऱ्या बेसवरचा होम प्लेटवर पोहोचला, म्हणजे धाव झाली. बरोबरी. पुढच्या बॅटरने डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि आम्ही हरलो. स्कोअरबुकात मात्र त्या मुलाच्या नावापुढे ‘के’ लागला, कारण नियमाने तो स्ट्राइकआउटच. मालिका नऊवर गेली. घरी परतताना तो गाडीत एक अक्षर बोलला नाही. त्याला वाटत होतं, चेंडू त्यानेच वाईट टाकला. त्याने खुणेप्रमाणेच टाकला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर मी हे सांगितलं.

तेव्हापासून आमच्या बाकावर मालिकेचा आकडा कुणी मोठ्याने म्हणत नाही. मेजर लीगच्या पिचरना आकडा माहीत असतोच, पत्रकार रोज विचारतात. पण चांगले कॅचर त्या रात्रीच्या बॅटरला काय जमत नाही तेवढंच बघतात. चॅपमनच्या हातात एक सोय होती. त्याच्या बाबतीत सामन्याची गरज आणि मालिकेची गरज बहुतेक वेळा एकच असायची. सरासरी १०० मैल वेगाचा फास्टबॉल, त्या वर्षी त्याने त्याच्या जोडीला हळू येणारा चेंज-अपही वापरला. असा माणूस नुसतं आपलं काम करत राहिला तरी ‘के’ येतातच. बाकीच्यांना ही चैन परवडत नाही.

पुढच्या वेळी असा सामना बघाल तेव्हा पिचरच्या हाताऐवजी दोन स्ट्राइकनंतर कॅचरचा मिट बघा. बॅटर कमकुवत आहे त्याच जागी मिट गेला तर सामना जिंकायचा प्रयत्न चालू आहे. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना तो उगाच मातीत टेकला तर मला तरी काळजी वाटते.

त्या मुलाची मालिका अकरावर संपली. बारावा सामना, पुन्हा एका धावेची आघाडी, शेवटची इनिंग. पहिल्या बॅटरने दुसरा चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. दुसऱ्याने पहिलाच शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे. तिसऱ्याने तिसरा चेंडू दुसऱ्या बेसकडे. तिन्ही वेळा चेंडू पहिल्या बेसवर बॅटरच्या आधी पोहोचला. माझ्या वहीत ओळीने ५-३, ६-३, ४-३ असं लिहिलेलं अजून आहे; हे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक, ३ म्हणजे पहिला बेस. मुलं एकमेकांच्या अंगावर पडत होती तेव्हा तो त्यातून सुटून सरळ माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, “कोच, सहाच चेंडू लागले ना?”